डी ड्राइव्हमधलं गाव

बेल्ह्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. मागच्या वर्षी क्लासमधल्या चार मुलींनी ठोकळे रचून घरं-रस्ते बांधायच्या एका गेममध्ये आख्खं गाव उभं केलं. ओढा, शाळा, जनावरांचा बाजार, टेम्पो लावायची जागासुद्धा. चार महिने रोज तासभर बसून केलेलं काम. ते राजुरीच्या एका शाळेतल्या प्रदर्शनात मांडायचं होतं. चौघींना एकाच गावात एकदम फिरता यावं म्हणून सर्व्हर लागतो. तो माझ्या धाकट्या दिराने बसवला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

प्रदर्शनाला आठवडा उरला असताना भाऊजींचा फोन आला. "वहिनी, समदं गेलं! नुसतं गवत दिसतंय. फॉरमॅट मारू का?"

"कशालाही हात लावू नका, भाऊजी. मी येते."

गाव कुठेही गेलं नव्हतं. ते ज्या फोल्डरमध्ये होतं त्याचं सेटिंगमध्ये फक्त नाव होतं, पूर्ण पत्ता नव्हता. नुसतं नाव दिलं की सर्व्हर जिथून सुरू होतो तिथेच शोधतो. भाऊजींनी तो सुरू करायची फाइल सोयीसाठी डेस्कटॉपवर आणली होती. डेस्कटॉपवर गाव कुठलं असायला? सर्व्हरने निमूटपणे त्याच नावाचं नवं कोरं बनवलं. भाऊजी टेम्पोवाल्यांना फोनवर असाच पत्ता सांगतात, "हितनं डावीकडं वळा." हितनं म्हणजे भाऊजी उभे आहेत तिथून. टेम्पोवाला तोवर निमगाव सावाला पोचलेला असतो.

फाइल मूळ फोल्डरमध्ये परत ठेवली. गाव उघडलं, मुलींचा जीव भांड्यात पडला. भाऊजींनी मात्र नको इतका धडा घेतला. मला न विचारता सेटिंगमध्ये डी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता घातला.

"आता कुठनंबी चालू करा, वहिनी. चुकायचं नाय," हे त्यांनी मला सांगितलं ते राजुरीत, प्रदर्शनाच्या टेबलापाशी.

चुकलं. गाव होतं सुट्या हार्डडिस्कवर. माझ्या कॉम्प्युटरवर ती डी या अक्षराने दिसते. शाळेच्या कॉम्प्युटरवर सीडीच्या खणाने डी आधीच अडवला होता, म्हणून तिथे ती ई झाली. सर्व्हर सुरू व्हायचा, पत्ता सापडत नाही म्हणायचा, सीडीच्या खणात नवं गावही बनवता येईना, म्हणून बंद पडायचा. परीक्षक दोन टेबलं पलीकडे.

"ह्यांचं मशीनच बिघडलंय, वहिनी."

"मशीन धडधाकट आहे. तुम्ही सरका."

एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आपला नंबर जाणार का?"

"गप्प बस, मला टाइप करू दे."

पत्ता काढून पुन्हा नुसतं नाव ठेवलं. सुरू करायच्या फाइलमध्ये सर्वांत वर एक ओळ घातली: फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी जा, मग सर्व्हर सुरू कर. डिस्क डी असो की ई, फाइल आणि गाव शेजारी शेजारीच राहणार. भाऊजींनी पूर्ण पत्त्याऐवजी एवढी एक ओळ घातली असती तर!

परीक्षक आले तेव्हा पडद्यावर ओढा दिसत होता. त्यांनी माउस हातात घेतला आणि भलतीकडेच निघाले.

"सर, जरा बघून चाला," तीच मुलगी म्हणाली, "आमच्या मेंढरांत घुसलाय तुमी."