माझ्याकडे बघू नका

सकाळी उजवा डोळा उघडेना. कोमट पाण्याने पापण्या सोडवल्या, आरशात पाहिलं, तर डोळा लालभडक! "डोळे आलेत तुमचे, माझ्याकडे बघू नका," म्हणत बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चहाचा कप तसाच मागे सरकवला. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे. तरी बघायचं नाही म्हणजे नाही.

काळा चष्मा लावून निघालो. शेजारच्या काकूंनी कधीची उरलेली ड्रॉप्सची बाटली दाराच्या फटीतून पुढे केली. मेडिकलवाल्याने फळीकडे बघतच दुसरी काढून दिली. दोन्ही खिशात घालून मी कोपऱ्यावर घुटमळत राहिलो. एवढ्याशासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं? पण उजेड सोसवत नव्हता, समोरची पाटी धुरकट दिसत होती. रोज किती माणसं आपल्याकडे बघत असतात, हे त्यांनी बघणं सोडल्यावरच कळतं.

शेवटी गेलो. डॉक्टरबाईंनी चष्मा काढायला लावला, पापणी वर केली आणि बारीक दिवा धरून अगदी जवळून बघत राहिल्या.

"सकाळपासून असंच पाणी येतंय का?"

"नाही," मी म्हणालो, "आत्ताच आलं."