ओल्या हाताने फोन उचलता येतो का?

मंगळवारी डहाणूला जे झालं, ते आधी क्रमाने लिहिते.

१. बाबांच्या बोटीचं इंजिन परत येताना बंद पडलं. बोटीवर बाबा आणि एक खलाशी.

२. नांगर टाकला, तो धरेना. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता.

३. रेंजची एक काडी होती. बाबांनी आईला फोन लावला. आई मासळी बाजारात, फोन तिच्या समोर वाजत होता.

४. आईला तो उचलता आला नाही.

५. बाबांनी मला लावला. माझा फोन तलासरीला, कंपनीच्या लॉकरमध्ये. आत फोन न्यायला बंदी आहे.

६. बाबांनी पुन्हा आईलाच लावला.

आईलाच का, असं दोघातिघांनी विचारलं. कोणाची बोट आत आली, कोणाची अजून बाहेर आहे, हे बाजारात बसलेल्या बायकांना सगळ्यात आधी कळतं. म्हणून आमच्याकडे समुद्रावरून पहिला फोन बाजारात येतो... मासळीचा असो की मदतीचा.

आईचा फोन मीच निवडलेला, दहा हजारांच्या आतला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, टेस्टिंगला काम करते, त्यामुळे "ताई, स्वस्तातला फोन रोजच्या वापराला पुरतो का?" हे मला सतत विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे... पुरतो. बॅटरी, कॅमेरा, पेमेंट, व्हॉट्सअॅप, सगळं स्वतः वापरून दिलेलं उत्तर आहे ते.

पण आई तेव्हा खवले काढत होती. हाताला बर्फाचं पाणी, स्क्रीनवर त्याचेच थेंब. हिरवी खूण वर सरकवायची... ती जागची हलेना. हात पदराला पुसले, तर पदरही ओला.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोरीने एवढा मोठा फोन घेऊन दिलाय, आता उचलायला माणूस पण ठेव म्हणावं!" सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली.

फोन पुन्हा वाजला तेव्हा आई हसायची थांबली. बाबा लागोपाठ दोनदा फोन करणाऱ्यातले नाहीत. आजूबाजूच्या बायकांचे हात तसेच ओले... कोरडे हात फक्त गिऱ्हाइकाचे.

समोर बोर्डीकडच्या, चिकूची वाडी असलेल्या एक गुजराती बोलणाऱ्या बाई कोलंबीचा भाव करत होत्या. आईने फोन त्यांच्यापुढे धरला. "बेन, हे जरा वर सरकवा ना! माझ्या हाताने होत नाय!"

त्यांनी सरकवलं, कानाला लावलं. "हलो, कोण बोलो छो?" मग आईकडे वळून मोठ्याने, "बाई, तुमचा माणूस बोलतो. इंजिन बंद झाला. खडक जवळ आला बोलतो!"

पुढचं बाजाराने केलं. माझ्या काकांची बोट किनाऱ्याला आहे असं दोघी एकदमच ओरडल्या, एक बंदराकडे पळाली, तिच्यामागे आई. टोपली आणि फोन शेजारच्या मावशींकडे राहिले.

हे सगळं मला संध्याकाळी कळलं. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडलं तेव्हा फक्त बाबांचा मिस्ड कॉल दिसला. मी कामावर असताना बाबा मला कधीच फोन करत नाहीत.

बाबांना लावला... संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आईला लावला... पूर्ण रिंग होऊन बंद. पुन्हा, पुन्हा तेच. मावशींचे हातही ओलेच होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते इथे लिहीत नाही.

शेवटी काकांचा फोन आला. "ओढून आणलाय तुझ्या बापाला. खडकाला लागायचीच बाकी होती बोट. आता चहा मागतोय."

घरी गेल्यावर मी परातीत मिठाचं बर्फपाणी घेतलं आणि आईच्या फोनवर करून बघितलं. पाच वेळा कॉल, पाचही वेळा उचलता आला नाही. मग माझ्या फोनवर, जो तिच्या फोनच्या तिप्पट किमतीचा आहे. तोही नाही उचलता आला. म्हणजे प्रश्न फक्त स्वस्त-महागाचा नाही... "रोजचा वापर" म्हणताना आपण कोणाचा रोजचा दिवस धरतो, याचा आहे. सगळे रिव्ह्यू कोरड्या हातांनी केलेले असतात. माझाही तसाच होता.

जुना बटणांचा फोन जवळ ठेव म्हटलं, तर आई म्हणाली, "पैसे यावर येतात, हॉटेलवाल्यांना फोटो यावरून जातात. आणि दुसरा कुठे ठेवू, बर्फात?" मागे इअरफोन दिला होता, तो खाऱ्या पाण्याने आठवड्यात गेला.

कंपनीतल्या एकाच्या फोनमध्ये एक सेटिंग बघितलं. आवाज वाढवायचं बटण दाबलं की कॉल उचलला जातो, स्क्रीनला हात लावावा लागत नाही. तो फोन महाग आहे, आणि आईच्या फोनमध्ये हे सेटिंग नाही. दुकानात विचारलं तर म्हणे, "मॅडम, कॅमेरा बघा ना, कॅमेरा!"

इंजिन दुरुस्त झालंय. बाबा रविवारी पहाटे पुन्हा निघतात, आणि पहिला फोन आईलाच करणार.

म्हणून विचारते. डहाणू, वाढवण, बोर्डी, तलासरी, कुठलेही असा... तुमच्याकडे दहा-बारा हजारांपर्यंतचा असा फोन आहे का, ज्यावर बटण दाबून कॉल उचलता येतो? हात ओला करून, दुसऱ्या फोनवरून कॉल लावून एकदा बघा आणि मॉडेलचं पूर्ण नाव कमेंटमध्ये लिहा. ऐकीव नको. जमत नसेल तर तेही लिहा, म्हणजे तो फोन मी घेणार नाही.

शनिवारी दुकानं बंद व्हायच्या आत मला फोन घ्यायचा आहे. कृपया शनिवारी दुपारपर्यंत कळवा.