हात न लावता

माझ्या दादाला अख्खं स्टेडियम ‘गोचीड’ म्हणायचं. प्रेमानं म्हणायचो, असं क्लबची माणसं अजूनही सांगतात. गोचीड कोणी कोणाला प्रेमानं म्हणतं का? पण दादा हसायचा, त्याला चालायचं, म्हणून मी मूग गिळून बसायचे. समोरच्या संघाच्या सगळ्यात भारी खेळाडूला चिकटायचं आणि सामना संपेपर्यंत सोडायचं नाही, हे त्याचं काम. बास्केट करून नाव कमावणारे वेगळे. दादानं व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये इतकी वर्षं पोट भरलं ते दुसऱ्यांना बास्केट करू न देऊन.

मी त्याच क्लबच्या शिवणखोलीत होते, आजही आहे. प्रेक्षकांच्या बाकांखालची खोली, खिडकी नाही, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीपलीकडे कोर्ट. सामने मी बघितले कमी, ऐकले जास्त. तेव्हाचा खेळ ऐकायलाही संथ होता. चेंडू आपटतोय, आपटतोय, मग ढकलाढकली, कण्हणं, कोणीतरी धाडकन पडतंय. एकेक चेंडू घेऊन मंडळी इतका वेळ काढायची की तेवढ्यात माझा जर्सीवरचा एक नंबर शिवून व्हायचा. आणि सामन्यानंतर दोन्ही संघांच्या जर्सी यायच्या त्या कमरेपाशी ताणलेल्या, उसवलेल्या. कारण राखण करणाऱ्याचा एक हात समोरच्याच्या कमरेवर असायचाच. दादाचा डावा. तो म्हणायचा, माणूस कुठल्या बाजूला वळणार ते डोळ्यांच्या आधी हाताला कळतं.

मग वरच्या लोकांना साक्षात्कार झाला, की बघणारे जांभया देतात. टीव्हीवाल्यांना गुण हवे होते, पळापळ हवी होती. चेंडू फेकायला तीस सेकंद मिळायचे, त्याचे चोवीस केले. आणि राखण करताना हात लावायचा नाही. कमरेवर हात दिसला की शिट्टी, फाऊल. असे पाच झाले की तुम्ही बाहेर.

नियम चुकीचा नव्हता, हे मी एवढ्या रागातही सांगते. दादाच्या बरगड्यांवरचे काळेनिळे डाग मी आणि वहिनीनं शेकलेत. तसेच डाग दुसऱ्यांच्या घरीही शेकले जात असणार. राग नियमाचा नाही.

भिंतीपलीकडचा आवाज बदलला. आता थांबणं नाहीच, नुसते धावणारे बूट. पोरं लांबून, पार रेषेबाहेरून चेंडू फेकायला लागली, त्यामुळे राखण करणाऱ्यालाही तिथवर पळत जायचं आणि परत यायचं. माझ्याकडे उसवलेल्या जर्सी येणं बंद झालं. दादा तेव्हा तेहतिशीचा. त्याच्या नाकी नऊ आले. मध्यंतरापर्यंतच त्याचे फाऊल भरायचे आणि उरलेला सामना तो डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर. शिट्टी वाजली की बाकांवरून लोक ओरडायचे, “गोचीड, सोड त्याला!” हीच माणसं आधी त्या हातासाठी टाळ्या वाजवायची.

कोचनं माझ्या खोलीच्या दारातच त्याला ऐकवलं. “हात आवर. सीझन संपेपर्यंत जमलं तर पुढचा करार, नाहीतर घरी बस.”

कोच गेल्यावर दादा मला म्हणाला, “अगं, एखादी मजबूत पट्टी आहे का?”

मी जुन्या कापडाची दुहेरी पट्टी शिवून दिली. रोज सरावाहून आल्यावर तो इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत उभा राहायचा, हात मागे, पट्टीनं घट्ट बांधलेले. आणि वहिनी, हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून तशीच आलेली, चेंडू घेऊन त्याच्या अंगावर धावून जायची. हात बांधलेल्या माणसाचा तोल गेला की तो थेट तोंडावर पडतो. त्याची हनुवटी दर दोन दिवसांनी सोललेली असायची. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडण वगैरे आहे का? वहिनी म्हणाली, “आहे ना. हा मला पुढे जाऊ देत नाही.”

पण खरंच, तो तिला पुढे जाऊ देईना. पाय एकमेकांवर न टाकता सरकत जायचं आणि हातानं जे कळत होतं ते समोरच्याच्या कमरेकडे बघून ओळखायचं, हे तो तेहतिसाव्या वर्षी नव्यानं शिकला. मी स्वतः पायरीवर बसून बघितलंय.

सीझनचा शेवटचा सामना होता तुरेवाल्याच्या संघाशी. डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा ठेवायचा, म्हणून तुरेवाला. तेव्हाचा सगळ्यात वेगवान खेळाडू. त्याला दादानं जवळजवळ सामनाभर बांधून ठेवलं. भिंतीपलीकडून मला कळत होतं, तुरेवाल्याचं नाव पुकारलं जात नव्हतं. दादाचे फाऊल चार होते. शेवटचं मिनिट सुरू झालं, मी मशीन थांबवलं. धडपडल्याचा आवाज आला, मग शिट्टी, मग सगळ्या स्टेडियमचा एकच सुस्कारा.

दादा घामानं निथळत माझ्या खोलीत येऊन बसला. मागोमाग कोच. “शेवटी गेलाच ना हात?”

दादा म्हणाला, “गेला असेल.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“तो पडला ना गं. त्याशिवाय पडेल का? मला कळलंसुद्धा नाही.”

वहिनी बाकांवर होती, पण तिच्याकडे दादाची पाठ होती. कॅमेऱ्याकडेही पाठच. पुन्हा तपासायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. गोचीड होता, शिट्टी वाजली, विषय संपला. करार झाला नाही. एका वार्ताहरानं लिहिलं, जुन्या माणसांच्या अंगवळणी नवा खेळ पडत नाही. त्या माणसानं आमच्या इमारतीखाली एक संध्याकाळ काढायला हवी होती.

दादा पार्सलच्या गोदामात लागला. क्लबनं एकदा बोलावलं, लहान मुलांना राखण शिकवशील का म्हणून. मला वाटलं, उडी मारून हो म्हणेल. तो म्हणाला, “मला स्वतःला जमलं नाही, ते मी पोरांना काय शिकवू?” वहिनीनं समजावलं, मी भांडले, तो हलला नाही. टीव्हीवर सामना लागला की तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचा. मला बघवायचं नाही.

परवा तुरेवाला आमच्या स्टेडियममध्ये आला. आता तो टीव्हीवर समालोचन करतो. तुरा गेलाय, पोट आलंय. कोटाचं बटण तुटलं म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. मी कोणाची कोण, त्याला ठाऊक नव्हतं. मी सुईत दोरा ओवत होते आणि तो भिंतीपलीकडच्या धावपळीकडे कान देऊन म्हणाला, “आता राखण करणं कोणाला येतच नाही हो. इथं एक होता आमच्या वेळी. गोचीड.”

मी म्हटलं, “तो तर हात लावायचा म्हणे.”

“आधी लावायचा. आम्ही सगळेच लावायचो. पण शेवटच्या सामन्यात नाही. मला श्वास घेऊ देत नव्हता आणि हात दोन्ही वर. मग काय करणार? पडलो.” आणि हसला. “पंचाला समोर गोचीड दिसला, त्यानं लगेच फुंकली. आता तर सगळेच पडतात.”

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत?”

“कोणाला? खेळच तो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोरा तोडला आणि कोट तसाच त्याच्या हातात दिला. म्हटलं, “बिनबटणाचाच घाला. गोचीड माझा भाऊ आहे.” तो कोट घेऊन निघून गेला. माफीचा एक शब्द नाही.

काम संपवून मी तडक दादाकडे गेले. चपला न काढताच सगळं सांगितलं, मधे मधे शिव्या घालत. वहिनी गॅस बंद करून बाहेर आली आणि खुर्ची धरून उभी राहिली. मला वाटलं, दादा आता तरी भडकेल, काहीतरी आपटेल, त्या माणसाला फोन लाव म्हणेल.

“हात लागला नव्हता, असं तो स्वतः म्हणाला?”

“हो.”

“नक्की ना गं?”

“अरे, नक्की. हसत हसत म्हणाला मेला.”

दादा वहिनीकडे वळला.

“म्हणजे मला जमलं होतं,” तो म्हणाला.