थांबासरांची ओळ

कोणीही घाईने प्रश्न मांडला, की थांबासर आधी तळहात पुढे करत. "थांबा. तुमाले काय वाटलं ते नका सांगू. काय पाह्यलं ते सांगा." अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीवर, पहिल्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. आडनाव काझी, पण विद्यार्थ्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना थांबासरच म्हणत.

त्यांचा सगळा विश्वास डीबगरवर होता. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर रोखायचा आणि त्या क्षणी त्याच्या पोटात काय आहे ते पाहायचे, एवढेच या साधनाचे काम. एकदा त्यांनी एका कॉलेजच्या निकालाचा चालू सर्व्हर असा रोखला आणि तसेच दुपारच्या, असरच्या नमाजाला गेले. निकाल पाहणारी मुले तोवर कोऱ्या पडद्यापुढे बसून होती. परत आल्यावर सरांनीच प्राचार्यांना फोन केला, "चालत्या गाडीची साखळी मीच वढली." तेव्हापासून सर्व्हर रोखला, की ते दारावर पुठ्ठा अडकवत : 'थांबवला आहे. चालू केल्याशिवाय जाऊ नये.' चहावाला विचारी, "सर, चहा देऊ, का तोबी थांबवला?"

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या गावांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आमच्या टेबलावर रोज येत. आम्ही त्या एका ठरलेल्या रकान्यात लावत होतो. अमरावतीच्या एका संस्थेने मनाने खचलेल्या माणसांच्या घरी भेटी देण्याचे काम सुरू केले होते. गावातून निरोप आला, की त्याची नोंद होई. कार्यकर्तीने नोंदीचा क्रमांक टाकला, की त्या घराचा पत्ता पडद्यावर येई. हा प्रोग्राम सरांनी लिहून दिला होता.

मूर्तिजापूर तालुक्यात सुनंदाताई नावाच्या कार्यकर्ती होत्या. एके दिवशी एकाच घरी दोघी पोहोचल्या, सुनंदाताई आणि त्यांची सहकारी. ज्या घरी ताईंनी जायचे होते, तिथे कोणीच गेले नाही. दोन दिवसांनी तिथल्या माणसाने जीव दिला. ताईंनी पत्ता नीट वाचला नाही, असे म्हणून संस्थेने त्यांना कामावरून कमी केले. पडद्यावर होते त्याच घरी मी गेले, असे ताई सांगत राहिल्या. बातमी मी लिहिली. मथळ्यात 'हलगर्जीपणा' हा शब्द होता.

सर अंक घेऊन खाली आले. "हलगर्जी कोणी पाह्यली?"

"संस्थेनं सांगितलं, सर."

"म्हंजे कोणीच नाई पाह्यली."

चौथ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावले. दारावर पुठ्ठा होता. आत दोन कॉम्प्युटर शेजारी मांडलेले, आणि सुनंदाताई बाकावर बसलेल्या. सरांनी मला एक क्रमांक टाकायला लावला आणि फक्त माझी विनंती, म्हणजे पत्त्याची मागणी, प्रोग्राममधल्या एका ओळीवर रोखली. डीबगरच्या चौकटीत मी मागितलेल्या गावाचे नाव होते. मग त्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वेगळा क्रमांक टाकला. चौकटीतले नाव माझ्यासमोर बदलले. त्यांनी माझी विनंती मोकळी केली. माझ्या पडद्यावर त्यांच्या क्रमांकाचे गाव आले.

"पाह्यलं?"

"पाहिलं."

"दोघाइसाठी एकच पाटी ठेवली मी. दोघं एकाच वख्ती आले, की पयल्याचं पुसून दुसऱ्याचं राह्यते. मी दरवेळी एकट्यालेच थांबवून तपासलं, भाऊ. एकटा असला की सगळं बरोबर येते."

आम्ही तिघे खाली कचेरीत आलो; दुरुस्ती छापायची ठरली, तेव्हा संपादकांनी 'तांत्रिक बिघाड' असा शब्द सुचवला. सर म्हणाले, "बिघाड नाई. ओळ माही हाय. नाव टाका."

"सर, क्लास बंद पडन तुमचा," ताई म्हणाल्या.

"मंग हलगर्जीतून तुमचं नाव कसं निंगन, ताई?"

दुरुस्तीच्या मजकुरात मी लिहिले होते, 'या चुकीने एक जीव गेला.' त्यांनी पेन मागून ते वाक्य खोडले. "भेट झाली नाई, हे पाह्यलं. माणूस गेला, हे पाह्यलं. या दोन्हीच्या मधातलं कोणी पाह्यलं?" दोन वाक्ये वेगवेगळी छापली गेली, सरांच्या नावासह. ताईंना संस्थेने परत घेतले. वरच्या मजल्यावर चढणारी पावले महिन्याभरात कमी झाली.

नंतरचे मला सुनंदाताईंनी सांगितले. सर त्यांना घेऊन त्या घरी गेले. ओसरीवर बसून कोणती चूक झाली, ती कोणाची, हे त्यांनी त्या माणसाच्या बायकोला समजेल अशा शब्दांत सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "ताई आली असती, तर ते वाचले असते काय?" सरांचा हात नेहमीसारखा अर्धा वर आला आणि गुडघ्यावर परत गेला. "मालूम नाई, बाई," ते म्हणाले. बाई पाण्याचे पेले उचलून आत गेली.

वर्षभरात क्लास बंद झाला. सर मूर्तिजापूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना तो पुठ्ठा दारावरच राहिला होता. मी काढून आणला, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोणतीही बातमी सोडण्यापूर्वी मी खण उघडतो, असे नाही. पण 'हलगर्जीपणा' हा शब्द तेव्हापासून माझ्या हातून मथळ्यात गेलेला नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा ते आजारी होते. पेपर वाचणे त्यांनी सोडले होते. मी निघालो, तशी त्यांनी पांघरुणातून तळहात बाहेर काढला.

"ते दोन वाक्य. त्याइच्या मधात काई सापडलं तुमाले?"

"नाही, सर."

"मले बी नाई."