कात्रीनने घेतलेली ब्रेकची परीक्षा

काल गॅरेजसमोर ब्रेक-ऑइलचा वास आला आणि पन्नासच्या दशकातील बोरीवलीची ती उतरण डोळ्यांपुढे उभी राहिली. शेजारच्या पास्कूने लष्करी लिलावातील जुन्या जीपला नवे, अधिक दमदार ब्रेक बसवले होते. चाचणीस साक्षीदार म्हणून, शेजाऱ्यांचे अर्ज लिहून देण्यात नावाजलेला मी, अर्थातच पुढे बसलो होतो.

“यात माझी पोरं बसणार ना? मग आधी मीच समोर उभी राहते,” असे त्याची बायको कात्रीन सकाळी म्हणाली होती. आम्ही हसलो होतो.

जीप भरधाव उतरत असता ती खरोखरच वाटेत उभी राहिली.

“कात्रीन, बाजूला सर गं!” पास्कू किंचाळला.

जीप तिच्या लुगड्याला टेकून थांबली.

“आता बसव पोरांना,” ती म्हणाली.

तिच्या धैर्याची कथा मी वर्षानुवर्षे सांगितली. आज मात्र आठवतो तो ब्रेकवरचा पाय उचलू न शकणारा, हुंदके देणारा पास्कू.