मोरा बंदराचं पान

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाला पुसायचा, परत डोळ्यांवर चढवायचा आणि पडद्यावरची तीच ओळ पुन्हा वाचायची. मग दोन्ही तळवे टेबलावर टेकवून म्हणायचं, "च्यायला! कसा सुचला असंल ह्यांना?"

आमच्या दादांची बातमी वाचायची ही रीत होती. बातमी तंत्रज्ञानाची हवी, बाकीच्या जगाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. कोण कुणाच्या पक्षात गेलं हे त्यांना चार दिवसांनी कळायचं. पण वर गेलेलं रॉकेट बुडावर सरळ उभं राहत परत खाली उतरलं, हे मी दुकानात पाय ठेवायच्या आत त्यांना माहीत असायचं. आणि ते मला ऐकवल्याशिवाय सकाळचा चहा मिळायचा नाही. आधी बातमी, मग चहा. मी पहिल्या आठवड्यातच वैतागले होते.

तुर्भ्याला ट्रकांची रांग लागते त्या रस्त्यावर, एका बाजूला स्प्रिंगवाला आणि दुसऱ्या बाजूला रबरी वॉशरवाला, मधल्या गाळ्यात दादांचं दुकान. लोकांना वेबसाइट बनवून द्यायची आणि बनवलेली चालू ठेवायची, हा धंदा. तीन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा, दादा आणि मी. लोणचीवाल्या बाई, शाळेच्या बसवाले, ढेकूण मारणारे, केटरर अशी आमची गिऱ्हाइकं. वेबसाइटवरचा मराठी मजकूर मी लिहायचे. "आमचे येथे" अशी सुरुवात केली की दादा लगेच म्हणायचे, "बाय, असा कोन बोलतो गं?" मग मी ते खोडून माणसासारखं लिहायचे.

त्याआधी मी एका छापखान्यात टायपिंग करायचे. तो बंद पडला. वडील तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहायचे, ते गेले तेव्हापासून घर माझ्यावर होतं, म्हणजे आई आणि मी. कॉम्प्युटरचं मला फारसं काही येत नव्हतं. दादांनी विचारलं, "मराठी लिवता येते ना नीट? मंग बस." एवढीच मुलाखत.

केटररची गोष्ट सांगते. ऐन लग्नसराईत त्याची वेबसाइट बंद पडली. तो तणतणत गाळ्यात शिरला. दादांनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "शेट, तुमची वेबसाइट येते कुठून, ठाऊक हाय?" केटरर म्हणाला, "तुमच्या दुकानातून." दादांनी पडद्यावर नकाशा उघडला. समुद्राच्या तळातून या खंडातून त्या खंडात गेलेल्या केबलींचा. "हे बगा. सगला जग पान्याखालून बोलतंय. माजा बाप मोरा बंदरात होडी चालवायचा, वरून जाला टाकायचा. खालून काय चाललंय त्याला पत्ता नव्हता. कसा सुचला असंल हो, एवढी केबल समुद्रात सोडायला?" केटरर अर्धा तास नकाशावर बोट फिरवत बसला. मग दचकून म्हणाला, "अहो, पण माझी वेबसाइट?" दादा म्हणाले, "ती कवाच चालू केली. तुमी बगत होता तवाच."

तुम्ही म्हणाल, असली माणसं पाहिलीत आम्ही, बातम्या वाचून हुरळून जाणारी. थांबा जरा. हुरळून जाणाऱ्याला स्वतःचं काही गमवायचं नसतं. दादांचं सगळं पणाला लागलं तेव्हा ते कसे वागले, ते सांगायला मी बसलेय.

आमच्याकडे एक पान असं होतं की ज्याला गिऱ्हाईकच नव्हतं. मोरा बंदराचं पान. मोऱ्याहून मुंबईला लाँच जाते, तुम्हाला माहीत असेल. पण ओहोटीला तिथं गाळ उघडा पडतो, लाँच धक्क्याला लागत नाही, माणसं ताटकळत बसतात. म्हणून दादा रोज सकाळी त्या पानावर लिहायचे, आज ओहोटी किती वाजता आणि लाँच साधारण कधी बंद राहील. फुकटात. हिशेब त्यांच्या वडिलांचा होता. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, जो आकडा येईल त्या वेळेला भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचमी असेल तर भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाला. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की तिथून दादा बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजत जायचे, कॅलेंडरकडे बघायचेसुद्धा नाहीत. आणि वेळ काढली की मोऱ्याला बहिणीला फोन. ती जेट्टीजवळ मासळी विकायला बसते. "आक्का, आज ओहोटी पावनेदहाला. बरोबर?" पलीकडून आवाज यायचा, "बरोबर." मग मी टाइप करायचे. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

आणि मग एका सकाळी ती बातमी आली. नुसतं बोलून सांगायचं, यंत्र वेबसाइट बनवून देतं. चित्रं तेच काढतं, मजकूरही तेच लिहितं, मराठीतसुद्धा.

दादांनी चष्मा पुसला. वाचलं. परत पुसला. "बाय," ते म्हणाले, "ह्याला लोनच्याची जाहिरात लिवायला सांग." मी सांगितलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मजकूर समोर. "आमचे येथे" नव्हतं त्यात. चांगला होता मेला. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. आणि दादा? दादांच्या डोळ्यांत पाणी. "कसा सुचला असंल गं," म्हणत ते ती लोणच्याची जाहिरात पोथीसारखी मोठ्यानं वाचत होते.

तिथून दुकानाला ओहोटी लागली. बसवाले गेले, ढेकूणवाले गेले. एक दिवस शेजारचा स्प्रिंगवाला मोबाइल नाचवत आला. "दादा, माझी मीच बनवली. बघा!" आमचंच जुनं गिऱ्हाईक हो हे. दादांनी मोबाइल हातात घेतला, स्प्रिंगा पडद्यावर गोल फिरताना पाहिल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास! एक नंबर!"

तो गेल्यावर माझा तोल सुटला. "दादा, तो आपल्या पोटावर पाय देऊन गेला आणि तुम्ही त्याला शाबासकी देता? दुकान बंद पडलं तर तुम्ही जाल मोऱ्याला बहिणीकडे. मी कुठं जाऊ? माझा एक छापखाना बुडालाय आधीच. आईला काय सांगू, यंत्र फार छान लिहितं म्हणून?"

दादांनी चष्मा काढला. पंखा कुरकुरत होता.

मग म्हणाले, "आमच्या होडीला पयला इंजिन बसवला ना, तवा वल्हं मारनारे दोन म्हातारे धक्क्यावर बसून रडले. त्यांचा काम गेला होता. माजा बाप त्यांच्याजवल जाऊन बसला, त्यांच्यासंगं रडला. आनि मंग उठून दिवसभर इंजिनाच्या म्होरं बसला, आत काय हाय ते बगत. दोनी केलं त्यानं." चष्मा त्यांच्या हातातच होता. "भ्याव मलापन वाटतो, बाय. पन भ्यावानं डोले मिटले तर बगायचं कुनी? तुजा काय करायचा, तो माज्या डोक्यात हाय. तू रडून घे आज. उद्यापासून इंजिन बगू."

मी खरंच रडले. रागानं रडले, खरं सांगते.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी मला त्या यंत्रापुढे बसवलं. त्याला कसं विचारायचं, कुठं ते ठोकून देतं, कुठं ते खरं सांगतं. "त्याला टोक," ते म्हणायचे. "मला टोकतेस तशी टोक." महिनाभर हेच. मी चिडायचे, ते आणखी एक प्रश्न द्यायचे.

असंच एकदा त्यांच्या मनात आलं, मोरा बंदराचं पान ह्याला देऊन बघू. मागच्या सगळ्या महिन्यांच्या वेळा त्याला दिल्या आणि पुढच्या महिन्याचा तक्ता मागितला. तक्ता आला. खाली यंत्रानं अगदी नम्रपणे लिहिलं होतं: तुमच्या वेळा बरेचदा पंधरवड्याच्या मध्येच पाऊण तास चुकू लागतात आणि अमावास्या-पौर्णिमेला परत जुळतात. क्षय तिथी मोजायची राहून जाते आहे का?

मी दादांकडे पाहिलं. दादांनी आपल्या पेरांकडे पाहिलं. कधी कधी एखादी तिथी गळते, पंचमीनंतर एकदम सप्तमी येते. कॅलेंडरवर ते स्वच्छ छापलेलं असतं. पण दादा बोटांवर मोजणार, षष्ठी धरणार, आणि तिथून पुढचे दिवस सगळे एक तिथी मागे. त्यांचे वडीलही बोटांवरच मोजायचे, पण ते रोज चंद्र आणि पाणी बघायचे, चुकलेलं तिथंच सुधारायचे. तुर्भ्याच्या गाळ्यातून चंद्र कुठला दिसायला?

अकरा वर्षं! मला वाटलं, आता हा माणूस खचणार. दादांनी चष्मा काढला, पुसला, वाचलं, परत पुसला. आणि यंत्राला हात जोडले. "तिथी ठाऊक हाय ह्याला! माज्या बापाचा हिशेब ठाऊक हाय! बाय, कसा सुचला असंल गं हे त्याला?"

मग एकदम थबकले. "पन आक्का तर रोज बरोबर म्हनायची."

फोन लावला. स्पीकरवर टाकला. "आक्का, माजी वेल चुकायची, तुला ठाऊक होता?"

पलीकडे मासळीबाजाराचा कालवा. मग आक्का म्हणाली, "सगल्या धक्क्याला ठाऊक हाय. दादाच्या पानात पाऊन तास मागं-म्होरं धरा, असंच सांगतो आमी लोकान्ला."

"मंग तू मला सांगितला कशाला नाय?"

"तू रोज येवड्या हौशेनं इचारतोस," आक्का म्हणाली. "त्या निमितानं तुजा फोन येतो. चुकला म्हनाले असते तर तू कॅलेंडर बगून लिवला असतास. मंग मला फोन कशाला केला असतास?"

दादांनी फोन ठेवला. हसू लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मघा यंत्रापुढे जोडलेले हात आता फोनपुढे जोडले होते. "अकरा वर्सं," ते म्हणाले. "अकरा वर्सं रोज खोटा 'बरोबर' बोलली माजी बहीन. आनि मी जगभरच्या बातम्या वाचत बसलो." असा चकित झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

त्या वर्षी दादांनी गाळा सोडला. उरलेल्या गिऱ्हाइकांना एकेकाला भेटून सांगितलं, "आता ह्या बाईंना इचारा. यंत्र त्यांचा ऐकतो." एक कॉम्प्युटर माझ्या घरी आणून लावून दिला, आईच्या हातचा चहा प्यायले, पण चहाआधी तिला बातमी वाचून दाखवलीच. आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती म्हणाली, माणूस देवगुणी आहे.

मग ते मोऱ्याला राहायला गेले. आणि माघात, सकाळी जेट्टीवर मोबाइल बघत बसले असताना, गेले. मी पोचले तेव्हा आक्कानं त्यांचा चष्मा माझ्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसून ठेवला होता.

माझं चाललंय आता. बरं चाललंय. यंत्र लिहितं, मी टोकते. मोरा बंदराचं पान मी चालू ठेवलंय. त्यातली वेळ आता यंत्रच देतं, मिनिटापर्यंत अचूक. कुणाला विचारायची गरज नाही. तरी मी रोज सकाळी आक्काला फोन करते. "मावशी, आज ओहोटी अमुक वाजता. बरोबर?" ती म्हणते, "बरोबर."

गेल्या आठवड्यात आईला बरं नव्हतं, माझं लक्ष नव्हतं. पडद्यावर आदल्या दिवसाचाच तक्ता उघडा होता. मी फोनवर म्हणून गेले, "मावशी, आज ओहोटी साडेदहाला. बरोबर?"

पलीकडून धक्क्यावरच्या माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी बर्फ फोडत होतं. आक्काच्या समोरच तर होतं पाणी.

"बरोबर हाय, बाय," ती म्हणाली. "उद्यापन फोन कर."

फोन ठेवल्यावर तारखेकडे लक्ष गेलं. सप्तमी होती; साडेदहा ही कालच्या षष्ठीची वेळ. पानावर मी सव्वाअकरा लिहिलं आणि ड्रॉवरमधून दादांचा चष्मा काढून पुसत बसले.