दादाच्या पिस्तुलाचा लेझर

दोन हजार वीसच्या हिवाळ्याच्या तोंडावर आयर्लंडमध्ये कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला पुन्हा बंदी आली. मी नावनमध्ये राहत होते आणि डब्लिनच्या एका हॉस्पिटलात डोळ्यांची डॉक्टर होते, त्यामुळे रोज सकाळी नाक्यावर गार्डाला, म्हणजे इथल्या पोलिसाला, हॉस्पिटलचं पत्र दाखवायचं. तो पत्र वाचायचा आणि 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हणून हात हलवायचा. इथल्या साध्या पोलिसाच्या कमरेला बंदूक नसते. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या आठवड्यात आलं, कारण त्याच रविवारी ह्यूस्टनहून दादाचा फोन आला होता.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, तेव्हा बावन्न वर्षांचा. शांत माणूस, घरात पाल निघाली तर वहिनीला हाक मारणारा. उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत चोरांनी दोन गॅरेजं फोडली आणि त्याने पिस्तूल घेतलं. आता त्याला विचारायचं होतं की त्यावर नाइट साइट बसवावी की लेझर. "तू डोळ्यांची डॉक्टर आहेस, म्हणून तुलाच विचारतोय," तो म्हणाला.

माझ्याकडे संध्याकाळ होती, त्याच्याकडे टळटळीत दुपार. त्याने बैठकीच्या खोलीतले पडदे ओढून घेतले आणि फोन टेबलावर उभा केला. मित्राकडून दोन्ही वस्तू बघायला आणल्या होत्या. नाइट साइट म्हणजे पिस्तुलावरचे तीन बारीक हिरवे ठिपके, अंधारात आपोआप उजळणारे. दोन मागे, एक पुढे. ते एका ओळीत आणून नेम धरायचा. लेझरला ती खटपट नाही. बटण दाबलं की जिथे गोळी लागणार साधारण तिथेच लाल ठिपका पडतो. त्याने तो समोरच्या भिंतीवर पाडला. ठिपका थरथरत होता. तो कॅलेंडरवरून सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तेवढ्यात धुतलेले कपडे घेऊन वहिनी त्या दारातून आली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. पिस्तूल रिकामं आहे, असं दादा म्हणाला.

मी त्याला सरळ डॉक्टरी उत्तर दिलं. पन्नाशीनंतर हाताच्या अंतरावरचं बारीक काही स्पष्ट दिसत नाही, पुढचा ठिपका तुला पुसट दिसेल. लेझर लांब पडतो, चष्म्यातून नीट दिसेल. तुझ्या डोळ्यांना लेझर सोपा. तो खूश झाला. बोलता बोलता तो डावीकडच्या चहाच्या कपाला हात लावायला गेला आणि कप लवंडला. मागच्या रविवारीही असंच झालं होतं.

आमच्या वडिलांना काचबिंदू होता. त्यात समोरचं नीट दिसत राहतं, बाजूचं हळूहळू जातं, आणि माणसाला कळतही नाही. वडील शेवटी शेवटी दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचे. मी दादाला म्हटलं, ते नेम धरणं वगैरे राहू दे, आधी डोळ्यांची फील्ड टेस्ट करून घे, त्यात बाजूची नजर तपासतात.

"मी पिस्तुलाचं विचारतोय, तू आजार काढतेस," तो म्हणाला. सगळी क्लिनिकं बंद आहेत, नंतर बघू.

पुढच्या रविवारी लेझर बसलेला होता. मी पुन्हा टेस्टचं विचारलं, त्याने पुन्हा टाळलं. हॉस्पिटलात मी पेशंटना त्या टेस्टच्या यंत्रापुढे बसवायचे, दिवा दिसला की बटण दाबायला सांगायचे. एखाद्याच्या बाजूला दिवा लागायचा, विझायचा, आणि तो मख्ख बसून राहायचा. तेव्हा मला त्या पडदे ओढलेल्या खोलीतला दादा दिसायचा. वहिनीला फोन करावा असं रोज वाटायचं. केला नाही. मोठ्या भावाच्या पाठीमागे काय बोलायचं, असं वाटलं.

जानेवारीत जेवणाच्या सुट्टीत वहिनीचाच फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. त्यांची मुलगी, माझी भाची, युनिव्हर्सिटीतून ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच घरी आली होती. आदल्या दुपारी बाजूच्या दाराने आत आली, तोंडाला मास्क, डोक्यावर हूड. दार उघडल्याचा आवाज ऐकून दादा ड्रॉवरमधलं पिस्तूल घेऊन बोळात आला. ती त्याच्या डाव्या हाताला चार पावलांवर उभी होती आणि त्याला दिसलीच नाही. ती "बाबा" म्हणाली तसा तो दचकून वळला. तिने खाली पाहिलं तर तिच्या जॅकेटवर लाल ठिपका होता.

"बोट ट्रिगरवर होतं," वहिनी म्हणाली. "ते म्हणतात, लेझर तू सांगितलास."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादाशी बोलले. बराच वेळ तो हवेबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "मला ठिपका स्पष्ट दिसला गं. तिचा चेहरा दिसला नाही. मी फक्त ठिपका बघत होतो."

त्याच आठवड्यात त्याने टेस्ट केली. रिपोर्ट मला पाठवला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ संपलेली, उजव्याचीही जायला लागलेली. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची. पिस्तूल वहिनीने कुलपात ठेवलं. ते विकून टाका, असं मी दोनदा सुचवलं. दादा म्हणतो, गल्लीची परिस्थिती तुला तिथून कळायची नाही.

भाचीशी मी उन्हाळ्यात बोलले. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. आता ती गाडी दारात लावते आणि आतूनच घरी फोन करते. दादा खिडकीत येऊन दोन्ही हात काचेवर टेकवतात. मग ती उतरते.